उकिरड्यावरचे मूल, तक्षशिलेची सात वर्षे : वैद्य जीवक

नाशिकला म्हसरूळजवळ महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या परीक्षा देऊनच राज्यातील बहुतेक मुले-मुली डॉक्टर होतात आणि एमडी, एमएसही होतात. शहराच्या दुसऱ्या बाजूला त्रिरश्मी बुद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेवलेल्या निधीची नोंद आहे. या दोन ठिकाणांच्या मध्ये राहणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही आज ज्याचे चरित्र सांगणार आहोत तो मगधाचा, राजगृहाचा. पण वैद्यक शिकणे म्हणजे काय, कोणाला शिकता येते, शिकताना किती राबावे लागते आणि शिकल्यावर कोणाची सेवा करायची, हे सगळे प्रश्न त्याच्या आयुष्यात आहेत. आपल्या वस्तीतून नीट पीजी देऊन निवासी डॉक्टर झालेल्या प्रत्येकाच्या आयुष्यातही ते आहेत.

जीवक कोमारभच्च याची कथा विनयपिटकातील महावग्गात, चीवरखंधकात येते. भिक्खूंच्या चीवरांचे नियम सांगणाऱ्या प्रकरणात वैद्याचे एवढे मोठे चरित्र का, हे पुढे कळेलच.

राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला दिवस गेले. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तिने आजारपणाचे निमित्त करून गर्भ लपवला आणि मुलगा झाला तेव्हा दासीला सांगून त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. राजकुमार अभय पहाटे राजदरबाराकडे निघाला होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारले, तिथे काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. जिवंत आहे का? जिवंत आहे. म्हणून नाव पडले जीवक. राजकुमाराने वाढवले म्हणून कोमारभच्च.

मोठा झाल्यावर त्याने अभयाला आपल्या आईबापाबद्दल विचारले. अभयाने सांगितले की तुझी आई कोण ते मला माहीत नाही, पण मी तुला वाढवले म्हणून मीच तुझा बाप. नंतरच्या काही परंपरांनी जीवकाचा जन्मदाता बाप खुद्द राजा बिंबिसार होता असे सांगितले आहे. आम्हाला ही जोड मुद्दाम दिलेली वाटते. एवढा मोठा वैद्य बिनबापाचा, गणिकेचा, उकिरड्यावरचा असेल हे पुढच्या काळातल्या सांगणाऱ्यांना पचले नसावे. पाली विनयाला मात्र त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. आज प्रवेशाच्या अर्जात वडिलांचे नाव, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जोडताना आपल्या मुलांची जी धावपळ होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी कल्पना करून पाहावी. त्या रकान्यांत लिहायला जीवकाजवळ काहीच नव्हते.

राजवाड्यात राहून त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. अंगात कला नसेल तर राजघराण्याच्या आश्रयाने दिवस काढणे सोपे नाही. अभयाला न विचारताच तो तक्षशिलेला निघाला. राजगृह आजच्या बिहारमध्ये, तक्षशिला आजच्या पाकिस्तानात रावळपिंडीजवळ. पायी किंवा एखाद्या तांड्याबरोबर गेला असेल, तरी हा प्रवास काही महिन्यांचा. तिथे एक जगप्रसिद्ध आचार्य वैद्यक शिकवत होता. पाली विनयात त्या आचार्याचे नावसुद्धा दिलेले नाही.

आता निवासी डॉक्टरांनी नीट लक्ष द्यावे अशी गोष्ट येते. अट्ठकथेत म्हटले आहे की इतर क्षत्रियकुमार वगैरे विद्यार्थी आचार्याला धन देऊन नुसते शिकत. त्यांना काम करावे लागत नसे. जीवकाजवळ द्यायला धन नव्हते. त्यामुळे तो काही वेळ आचार्याचे काम करी आणि काही वेळ शिके. आजच्या भाषेत सांगायचे तर शुल्क भरून शिकणारे वेगळे होते आणि राबून शिकणारा वेगळा. जीवक दुसऱ्या प्रकारचा. तो भरपूर शिके, चटकन शिके, नीट समजून घेई आणि शिकलेले विसरत नसे, असे विनय सांगतो. सात वर्षे अशी गेली.

सात वर्षे झाल्यावर त्याला प्रश्न पडला की या विद्येला शेवट आहे की नाही. त्याने आचार्याला विचारले. आचार्याने त्याच्या हातात कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फिरून ये आणि औषध म्हणून उपयोगी पडणार नाही असे जे काही दिसेल ते घेऊन ये. जीवक फिरला. रिकाम्या हाताने परत आला. उपयोगी नाही असे काहीच सापडले नाही, असे त्याने सांगितले. आचार्य म्हणाला, तुझे शिक्षण झाले, एवढे पोट भरायला पुरेसे आहे. आणि वाटेसाठी थोडीशी शिदोरी दिली.

ही परीक्षा आपल्याकडे चमत्काराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती अगदी व्यवहाराची वाटते. तोंडपाठ यादी म्हणून दाखव असे आचार्याने सांगितले नाही. बाहेर जा, झाड ओळख, खणून पाहा, ठरव, असे सांगितले. आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायला पाठवणारा जिल्हा निवासी कार्यक्रम आहे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तयार झालेला डॉक्टर मशिनरी कमी असलेल्या ठिकाणी कसा निर्णय घेतो ते तिथे कळते. अनेक मुले त्याला कंटाळवाणे काम समजतात. जीवकाच्या आचार्याला ते शिक्षणाचा शेवटचा भाग वाटले असते. आचार्याने दिलेली शिदोरी साकेतपर्यंत पुरली आणि तिथे संपली. पुढचा रस्ता निर्जन, पाणी-अन्नाची टंचाई असलेला. म्हणजे जीवकाला पहिला रुग्ण शोधावा लागला तो पोटासाठी.

साकेतच्या एका श्रेष्ठीच्या बायकोला सात वर्षे डोकेदुखी होती. मोठेमोठे वैद्य येऊन सोने घेऊन गेले होते. जीवक दारात गेला तेव्हा बाईने द्वारपालाकडे चौकशी केली, वैद्य कसा आहे? तरुण आहे म्हटल्यावर तिने नको म्हणून सांगितले. एवढे मोठे वैद्य हरले, हा पोरगा काय करणार? नवखा डॉक्टर असणे म्हणजे काय असते, ते या एका प्रसंगात आहे. वॉर्डात पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला पाहून मोठ्या डॉक्टरला बोलवा म्हणणारे नातेवाईक त्या काळीही होते. जीवकाने निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरे वाटले तर वाटेल ते द्या. मग त्याने ओंजळभर तूप निरनिराळ्या औषधांबरोबर शिजवले, बाईला पलंगावर उताणे झोपवले आणि नाकातून दिले. तूप नाकातून जाऊन तोंडातून बाहेर आले. बाईने ते भांड्यात थुंकले आणि दासीला कापसाने टिपून घ्यायला सांगितले. हे पाहून जीवक मनात घाबरला. फेकायचे तूपसुद्धा जी जपून ठेवते ती मला काय देणार! बाईने त्याचा चेहरा ओळखला आणि सांगितले की आम्ही संसारी माणसे, हे तूप नोकरांच्या पायांना चोळायला नाहीतर दिव्याला चालेल, तुमची फी बुडणार नाही. ती बरी झाली. तिने, मुलाने, सुनेने आणि नवऱ्याने प्रत्येकी चार-चार हजार दिले. म्हणजे सोळा हजार. वर श्रेष्ठीने एक दास, एक दासी आणि घोड्यांचा रथ दिला.

दास-दासी फी म्हणून दिल्या-घेतल्या जात, हे वाचून आपण खालची मान घालून पुढे जाऊ नये. बुद्धकालीन समाज गुलामी मानणारा होता आणि जीवक त्याच समाजातला वैद्य होता. त्याला आजच्या मूल्यांचा पुतळा करायची गरज नाही. सोळा हजार आणि ही सगळी मिळकत त्याने अभयापुढे ठेवली, आपल्याला वाढवल्याबद्दलची पहिली कमाई म्हणून. अभयाने ती घेतली नाही. माझ्याच वाड्यात घर बांधून राहा, एवढेच सांगितले.

मग बिंबिसार राजाचा भगंदर. राजाचे कपडे रक्ताने भिजत आणि राण्या त्याची थट्टा करत की राजाला ऋतू आला. लाजेपायी कोणाला सांगता न येणारा हा रोग आहे आणि आजही सर्जरीच्या ओपीडीत रुग्ण तो वर्षानुवर्षे लपवून येतात. जीवकाने नखात औषध नेले आणि एका लेपात बरे केले. राजाने पाचशे स्त्रियांचे दागिने पुढे केले. जीवकाने घेतले नाहीत. राजाने आपली सेवा लक्षात ठेवावी एवढेच मागितले. त्यानंतर त्याची नेमणूक झाली ती तीन ठिकाणी: राजासाठी, राण्यांच्या अंतःपुरासाठी आणि बुद्धप्रमुख भिक्खू संघासाठी. ही तिसरी नेमणूक त्याच्या पुढच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

त्याच्या दोन शस्त्रक्रिया विनयात सविस्तर आहेत. राजगृहाच्या श्रेष्ठीला सात वर्षांची डोकेदुखी होती. एका वैद्याने तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले होते, दुसऱ्याने सातव्या दिवशी. जीवकाने आधी विचारले, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने झोपता येईल का? श्रेष्ठी हो म्हणाला. जीवकाने त्याला पलंगाला बांधले, डोक्याची कातडी कापली, कवटीचा सांधा उघडला, दोन किडे काढून लोकांना दाखवले, सांधा मिटवला, कातडी शिवली आणि लेप लावला. श्रेष्ठीला सात महिने काही निभले नाहीत. प्रत्येक बाजूला सातच दिवस झोपला. एकवीस दिवसांत बरा झाला. तेव्हा जीवकाने सांगितले की तो तीन आठवड्यांतच बरा होणार हे आपल्याला आधीच माहीत होते, पण सात महिने सांगितले नसते तर एवढेही दिवस तो पडून राहिला नसता. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अंथरुणावर ठेवणे हे चाकू चालवण्याइतकेच अवघड असते, हे ज्याने वॉर्डात रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. श्रेष्ठी सगळी संपत्ती द्यायला आणि स्वतः दास व्हायला तयार होता. जीवकाने एक लाख राजाला द्यायला सांगितले आणि एक लाख स्वतः घेतले.

बनारसच्या श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्या उड्या मारताना गाठ पडली होती. पेज पचेना, अन्न पचेना, अंग पिवळे पडले, शिरा दिसू लागल्या. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले आणि त्याच्या बायकोला समोर उभे केले. पोट कापून आतडे बाहेर काढले, गाठ तिला दाखवली, सोडवली, आतडे आत ठेवले, शिवले. समाजमाध्यमांवर या गोष्टीवरून जीवक जगातला पहिला सर्जन होता वगैरे लिहिले जाते. असले दावे करण्याची काही गरज आम्हाला वाटत नाही. काय आजार होता ते पाहणे, गर्दी हटवणे, जवळच्या माणसाला दाखवून समजावणे, हे सगळे गोष्टीतच आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

उज्जैनीच्या चंडप्रद्योताची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला पांडुरोग. त्याला तुपाचा तिटकारा आणि जीवकाकडे उपाय तुपाचाच. जीवकाने तुपाला काढ्याचा रंग, वास आणि चव आणली, राजाला पाजले आणि मुळ्या आणायच्या निमित्ताने आधीच मागून ठेवलेल्या भद्दवतिका हत्तिणीवर बसून पळ काढला. राजाला ओकारी झाली, तूप होते हे कळले. त्याने दास काकाला पाठलागावर धाडले आणि बजावले की वैद्य लबाड असतात, त्याच्याकडून काही घेऊ नको. कोसंबीला जीवक न्याहारी करत होता. काकाने खाण्याला नकार दिला, पण जीवक आवळा खाऊन पाणी पितोय हे पाहून त्यानेही अर्धा आवळा खाल्ला. जीवकाने नखातले औषध त्यात घातले होते. काकाला तिथेच जुलाब सुरू झाले. राजा बरा झाला आणि त्याने जीवकाला शिवी देशाचे उंची वस्त्र पाठवले. गोष्ट मजेची आहे. पण रुग्णाला न सांगता औषध देणे आणि निरोप्याला जुलाब देणे आज कोणत्याही नीती समितीपुढे टिकणार नाही, हेही आपल्या तरुण डॉक्टरांना सांगायला हवे.

याच शिवी वस्त्रावरून कथा चीवरांकडे येते. भगवान बुद्धांचे शरीर बिघडले होते. आनंदाने जीवकाला सांगितले. तथागतांना तीव्र जुलाब देणे योग्य नाही असे जीवकाला वाटले. त्याने आधी काही दिवस तेल लावायला सांगितले, मग औषधांनी भावित केलेल्या कमळांच्या तीन ओंजळी दिल्या. एकेक हुंगल्यावर दहा वेळा, असे तीस वेळा पोट साफ व्हायचे होते. निघून गेल्यावर त्याला आठवले की एकोणतीस वेळाच होईल, मग आंघोळ, आणि आंघोळीनंतर शेवटची एकदा. ते त्याने सांगितले नव्हते. बुद्धांनी ते आपणहून जाणले, असे विनय म्हणतो. आम्ही या जागी थांबतो ते घरी गेल्यावर औषधाचा हिशेब आठवणाऱ्या वैद्यापाशी. नंतर त्याने शिवी वस्त्र बुद्धांना दिले आणि मागणे केले की भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेता यावीत. त्याआधी भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या शिवून वापरत. बुद्धांनी परवानगी दिली, ज्याला हवे त्याने चिंध्या, ज्याला हवे त्याने दिलेली वस्त्रे. उकिरड्यावर सापडलेल्या माणसाने संघाला उकिरड्यावरच्या चिंध्यांची सक्ती राहू नये असे मागितले. म्हणून त्याचे चरित्र त्या प्रकरणात आहे.

जीवकाचे काम वाढत गेले आणि इथे त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण भाग येतो. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग पसरले. लोक जीवकाकडे येत. तो सांगे की मला राजा, अंतःपुर आणि संघ यांचे काम आहे, मला तुम्हाला पाहता येणार नाही. मग लोकांनी वाट काढली. संघात प्रव्रज्या घेतली, की भिक्खू शुश्रूषा करत आणि जीवकही उपचार करी. बरे झाले की ते चीवर सोडून घरी जात. असाच एक माणूस जीवकाला रस्त्यात भेटला. जीवक चिडला आणि त्याने बुद्धांना विनंती केली. मग नियम झाला की या पाच रोगांनी ग्रस्त असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये.

हा नियम आज वाचताना खटकतो, आणि खटकावा. पण त्यामागे एक डॉक्टर आणि त्याच्या दारात अख्खे मगध अशी परिस्थिती होती. रुग्णांना दुसरा वैद्य नव्हता आणि जीवकाला दुसरा दिवस नव्हता. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असे ठरले. प्रत्यक्षात शासकीय रुग्णालयात सलग ३६ तास उभा राहिलेला पहिल्या वर्षाचा डॉक्टर शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो रुग्णावर ओरडला तर चूक त्याची, पण ती त्याच्या एकट्याची नाही. मार्डचा संप झाला की आपल्याकडेही निवासी डॉक्टर पैशासाठी आडमुठेपणा करतात असे बोलले जाते. तसे बोलणाऱ्यांनी जीवकाच्या दारातली ही गर्दी आठवावी.

आणि आपल्या मुलांना त्या तासांवर आणखी एक ओझे असते. पीजीला प्रवेश कोणत्या कोट्यातून, कितवा क्रमांक, असे प्रश्न ड्यूटी रूममध्ये विचारले जातात. २०१९ साली मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर मुलीचा मृत्यू झाला आणि जातीच्या टोमण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तक्षशिलेच्या त्या अनामिक आचार्याने जीवकाला बाप कोण असे विचारल्याचे विनयात कुठेही नाही.

ज्या प्रकरणात जीवकाचे चरित्र आहे त्याच प्रकरणात पुढे अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूची हकीकत येते. इतर भिक्खूंनी त्याला सोडले होते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बाजेवर ठेवले. मग संघाला समजावले की इथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहायचे, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करणारा कसा असावा हेही तिथेच आहे: औषध तयार करता येणारा, पथ्य जाणणारा, मैत्रीने करणारा आणि लोभाने नव्हे, मलमूत्र-ओकारी उचलायला न किळसणारा, वेळोवेळी धीर देऊ शकणारा. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींनी हा भाग मूळातून वाचावा.

जीवकाने राजगृहात आपले आंब्याचे बन बुद्धांना आणि संघाला दिले. राजगीरमध्ये त्या जीवकाम्रवनाचे लांबट गोल दालनांचे अवशेष आजही दाखवले जातात. याच बनात अजातशत्रू बापाच्या खुनाने बेचैन होऊन एका पौर्णिमेच्या रात्री आला. सगळे मंत्री आपापले गुरू सुचवत होते, जीवक गप्प होता. राजाने विचारले तेव्हा त्याने बुद्धांकडे चला म्हटले. वैशालीला भिक्खू चांगले जेवण जेवून जेवून आजारी पडत आहेत हे पाहून त्याने चंक्रमणाची आणि गरम स्नानघराची शिफारस केली आणि बुद्धांनी दोन्हीला परवानगी दिली. आपण विहाराच्या आवारात चंक्रमण करतो, त्यामागे एका वैद्याचाही सल्ला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

देवदत्ताने लोटलेल्या दरडीची कपची लागून बुद्धांच्या पायाला जखम झाली, तेव्हाची एक गोष्ट धम्मपद अट्ठकथेत आहे. त्यांना जीवकाच्या आंबराईत आणले. जीवकाने तीव्र औषध लावून पट्टी बांधली आणि नगरात एका रुग्णाला पाहायला गेला. परत यायच्या वेळी वेशीचे दार बंद झाले होते. रात्रभर तो बाहेर पडू शकला नाही. पट्टी ठरलेल्या वेळी सोडली नाही तर तथागतांना आग होईल या काळजीने त्याने रात्र काढली. इकडे बुद्धांनी ती वेळ ओळखून आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली होती. पहाटे दार उघडताच जीवक धावत आला.

वैद्यांचे आणि बौद्ध संघाचे हे नाते आपल्या महाराष्ट्रातही दगडावर कोरलेले आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत राजवैद्य मागिल आणि त्याच्या मुलांच्या दानाचे लेख आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने वेगवेगळ्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेली होते. त्या ठेवीच्या व्याजातून त्रिरश्मी पर्वतावरच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंना औषध मिळावे, ते भिक्खू कुठूनही आलेले असोत, अशी तिची अट होती. लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर तो लेख आहे. म्हसरूळच्या विद्यापीठात परीक्षेच्या किंवा कागदपत्रांच्या कामाने येणाऱ्या आपल्या डॉक्टर मुला-मुलींनी परतताना तासभर काढून तो पाहून जावा.